काशीपासून प्रकाशापर्यंत : अम्लरेखनांचा संग्रह

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेलें प्रकाशा हें क्षेत्र खानदेशांत दक्षिणकाशी म्हणून ओळखलें जातें. काशीची यात्रा प्रकाशाच्या दर्शनानेंच पुरी होते, अशी तेथील भाविकांची समजूत आहे. आज नंदुरबार जिल्ह्यांत मोडणाऱ्या या क्षेत्राचा गंगेवरील मूळ काशीशीं असलेला संबंध श्रद्धेचा आहे. परंतु नद्या, घाट आणि इमारती यांचीं जुनीं चित्रें जमविण्याचा ज्याला छंद आहे, त्याच्या दृष्टीनें या दोन काशींना जोडणारा आणखी एक प्रश्न आहे. स्थळ पालटलें किंवा लोपलें, तर त्याचें रूप कोठें उरतें?

मूळ काशीच्या बाबतींत या प्रश्नाचें एक उत्तर तांब्याच्या पत्र्यावर लिहिलेलें आहे. अर्नेस्ट लम्सडेन (१८८३-१९४८) हा इंग्रज चित्रकार १९१२ पासून १९२७ पर्यंत अनेकदां हिंदुस्थानांत येऊन राहिला. काशीच्या घाटांनीं त्याला विशेष मोह घातला. पायऱ्या, छत्र्या, स्नानास उतरलेले यात्रेकरू आणि नदीवर पसरलेलें ऊन हे त्याचे आवडते विषय. एचिंगच्या, म्हणजे अम्लरेखनाच्या, तंत्रावर त्यानें १९२५ सालीं लिहिलेला ग्रंथ पुढें अभ्यासकांनीं प्रमाण मानला.

या कलेची रीत साधी, पण कष्टाची आहे. तांब्याच्या घोटीव पत्र्यावर मेणयुक्त लेप देऊन त्यावर सुईनें चित्र रेखाटतात. सुईनें उघडें पडलेलें तांबें अम्लांत खाल्लें जाऊन तेथें बारीक खाचा पडतात. लेप काढून त्या खाचांत शाई भरतात, बाकीचा पत्रा पुसून घेतात आणि ओलसर कागद त्यावर ठेवून यंत्राच्या रुळाखालून काढतात. पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर उमटतो; संग्राहक प्रथम तो शोधतो. छापतांना चित्राची डावी-उजवी बाजू पालटते, हेंही त्यानें ध्यानांत ठेवावें लागतें. व्हिसलर यानें १८७९-८० मध्यें व्हेनिसचीं दृश्यें जागेवरच पत्र्यावर काढलीं. तीं कागदावर उलटीं उतरलीं आणि त्यानें तीं तशींच राहूं दिलीं.

पत्रा झिजतो, म्हणून उत्तम प्रती थोड्याच निघतात. त्यांवर चित्रकार शिसपेनीनें सही करतो. या मर्यादित संख्येनेंच पुढें एक अनर्थ ओढवला. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेंत मूरहेड बोन, कॅमेरॉन, मॅकबे यांच्या चित्रांना इतकी मागणी आली कीं, लोक तीं शेअरांसारखीं विकत घेऊं लागले. चित्र भिंतीवर लागण्यापूर्वींच लिलावांत जाई. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि त्यामागून या चित्रांचे भावही ढासळले. ज्यांनीं केवळ आंकडा पाहून खरेदी केली, त्यांच्या हातीं कागद राहिला; ज्यांनीं घाट, पूल, गल्ल्या पाहून केली, त्यांचें कांहींच गेलें नाहीं.

मुंबईकरांना परिचित असें एक नांव या संदर्भांत आठवण्याजोगें आहे. बोरीबंदरच्या स्थानकाची इमारत १८८८ मध्यें पूर्ण झाली. पण तिचें भव्य रूप ॲक्सेल हेग यानें स्टीव्हन्स यांच्या आराखड्यांवरून १८७८ मध्येंच जलरंगांत चितारलें होतें. स्वीडनमध्यें जन्मलेला हाच हेग पुढें युरोपांतील प्रार्थनामंदिरांच्या अम्लरेखनांसाठीं नांवाजला गेला आणि १९२१ मध्यें वारला. ही कला आपल्या लोकांनींही परदेशीं जाऊन हस्तगत केली. मुकुल डे यांनीं १९१६ मध्यें शिकागो येथें तिचे धडे घेतले. पुढें अजिंठा आणि बाघ येथील लेण्यांच्या यात्रांवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक १९२५ सालीं प्रसिद्ध झालें.

बोरीबंदरचें चित्र इमारतीच्या आधीं जन्मास आलें. नंदुरबार जिल्ह्यांत याच्या उलट घडलें आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा वाहते. सरदार सरोवराच्या जलाशयाच्या क्षेत्रांत महाराष्ट्रांतील ३३ गांवें आलीं आणि तीं सर्व अक्कलकुवा व अक्राणी या याच जिल्ह्यांतील तालुक्यांचीं. मणिबेलीजवळचें शूलपाणेश्वराचें जुनें मंदिरही पाण्याखालीं गेलें. तेथील कांठ, पायवाटा आणि डोंगरउतारावरचीं घरें ज्यांनीं पाहिलीं, त्यांच्या स्मरणाबाहेर तीं आतां शोधावयाचीं तर चित्रांत आणि छायाचित्रांतच.

म्हणून असा संग्रह करणारानें सहीच्या आधीं स्थळ पाहावें. चित्राच्या मागें गांवाचें, नदीचें, इमारतीचें नांव लिहून ठेवावें. उन्हापासून आणि पावसाळी दमटपणापासून कागद जपावा. काशीचे घाट आजही उभे आहेत, तरी लम्सडेनचा एखादा घाट घरीं बाळगण्यांत अर्थ आहे. नदीचा कांठ कायमचा असतो, ही समजूत नर्मदेच्या तीरावर खोटी ठरली आहे.