अधू पाय, धीट लेखणी

स्वीडनमधील मोर्बाका या गावाकडच्या घरात १८५८ साली सेल्मा लागरलॉफ जन्मली. बालपणीच्या आजाराने तिचे पाय काही काळ लुळे पडले. पुढे ती चालू लागली, तरी लंगडणे कायमचे राहिले. आजीच्या गोष्टी आणि पुस्तके हाच तिचा विरंगुळा. सातव्या वर्षी मेन रीड यांची ‘ओसेओला’ ही साहसकथा तिच्या हाती पडली आणि लेखिका होण्याचा निश्चय तिने तेव्हाच केला.

तो तडीस गेला. शिक्षिकेची नोकरी सांभाळून लिहिलेली त्यांची पहिली कादंबरी १८९१ साली प्रसिद्ध झाली. कर्जापायी गेलेले मोर्बाकाचे घर १९०७ साली त्यांनी परत घेतले. १९०९ साली साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

मनातील एक गोष्ट मात्र पत्रांतच राहिली. १८९४ साली भेटलेल्या लेखिका सोफी एल्कान यांच्यावर त्यांचे उत्कट प्रेम होते. ती पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, १९९० साली खुली झाली. तेव्हा ‘अविवाहित लेखिका’ ही ओळख किती अपुरी होती, ते कळले.

घरातले एखादे मूल कादंबरीत डोके खुपसून बसले, तर त्याला हटकू नये. ते तिथे कशासाठी बळ गोळा करीत आहे, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असतेच असे नाही.