ब्रेकच्या कोडचे आजोळ

नांदेडच्या एसजीजीएस किंवा लातूरच्या बिडवे इंजिनीअरिंग कॉलेजातून निघालेले पोरगे पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागले, की गावाकडचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हंजी गाडी चालवून बघतूस का रे?" गाडी समोर नसतेच. असते सी भाषेतले एखादे छोटे फंक्शन. सेन्सर, ब्रेक सगळे लुटुपुटूचे. त्यांच्या जागी 'स्टब' बसवलेले.

या तपासणीचे आजोळ विमानात आहे. १९९२मध्ये विमानांतल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८बी ही नियमावली आली. ज्या कोडच्या चुकीने विमानच पडेल, त्याला तिने एमसी/डीसीची, म्हणजे मॉडिफाइड कंडिशन/डिसिजन कव्हरेजची, कसोटी लावली. नाव बोजड, कल्पना सुटसुटीत. क्रूझ कंट्रोल घ्या: स्विच चालू हवा, वेग किमान ४० हवा, ब्रेक दाबलेला नको. तीन अटींचे मेळ होतात आठ, पण चाचण्या चारच पुरतात. एकीत तिन्ही अटी पाळायच्या, उरलेल्या तिन्हींत दर वेळी एकेकच मोडायची. प्रत्येक अट एकटीच्या बळावर निकाल फिरवते, हे त्यातून सिद्ध होते.

मोटारवाले इथवर उशिरा आले. चाके लॉक होऊ न देणारे बॉशचे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८मध्येच मर्सिडीजमध्ये बसले. मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचे मानक, आयएसओ २६२६२, मात्र थेट २०११चे. त्यात धोक्याच्या ए ते डी अशा पायऱ्या आहेत आणि सर्वांत धोक्याच्या डीसाठी एमसी/डीसीची जोरदार शिफारस.

फंक्शने हजारो, आणि एक ओळ बदलली तरी चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. हे हाताने होणे नाही, साधने लागतात. लिव्हरपूलमध्ये जन्मलेली एलडीआरए कंपनी १९७५पासून अशा साधनांच्या उद्योगात आहे. केंट बेक आणि एरिक गामा यांनी जेयुनिट हे जावा भाषेचे चाचणी-साधन १९९७मध्ये झुरिक-अटलांटा प्रवासात लिहिले, तेही विमानात! पण ते प्रोग्रामरच्या सोयीसाठी; मोटारीत चाचणीचा पुरावा दाखवावा लागतो.

आता साधने कोड वाचून इनपुट स्वतःच काढतात, रात्रभर चाचण्या चालवतात. सकाळी रिपोर्ट हिरवागार, कव्हरेज शंभर टक्के. मला या हिरव्या रंगाचा भरवसा वाटत नाही. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच असेल, तर लातूर पॅटर्नचा कोणताही मास्तर त्या मार्कांना हसेल. कोडमध्ये '४० किंवा जास्त'ऐवजी नुसते '४०पेक्षा जास्त' पडले असेल, तर साधन तेच बरोबर उत्तर धरते आणि पास करते. चूक सापडते ती रिक्वायरमेंट वाचून नेमके ४० टाकणाऱ्या पोराला.