कारलं कडूच राहतं, मग काही जणांना ते आवडायला कसं लागतं?

'कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच.' ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाबद्दल वापरतो, पण खुद्द कारल्याबद्दलही ती खरीच आहे. तरीही लहानपणी कारल्याची भाजी दिसली की ताटावरून उठणारी कितीतरी माणसं तिशीत तीच भाजी भाकरीसोबत आवडीने खाताना दिसतात. कारलं तर होतं तसंच आहे. मग नेमकं बदलतं काय?

हा प्रश्न मला पडण्याचं कारण म्हणजे मी स्वतः 'बटाटा गँग'मधली. शाळेची दहा वर्षं डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, फार तर भेंडी. नोकरीसाठी शहर बदललं, मेसचा डबा सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात कारलं, दोडका, शेपू असं सगळं एकापाठोपाठ आलं. तीन दिवस बिस्किटांवर काढल्यावर लक्षात आलं, की आपले 'नखरे' आई होती म्हणून चालत होते.

आधी हे समजून घेऊ, की हे नखरे असतात का?

बहुतेक वेळा नसतात. अनोळखी अन्नाला नकार देण्याच्या वृत्तीला शास्त्रज्ञ 'फूड निओफोबिया' म्हणतात, म्हणजे नव्या खाण्याची भीती. साधारण दोन ते सहा वर्षं या वयात ती सर्वात जास्त असते. वर्षाचं असताना वरण-भातापासून भोपळ्यापर्यंत सगळं खाणारं मूल दोन वर्षांचं झाल्यावर अचानक हिरवं काही दिसलं की तोंड फिरवतं. घरात सगळ्यांना वाटतं, लाडाने बिघडलं.

पण जरा विचार करा. हे वय म्हणजे मूल स्वतःच्या पायाने फिरू लागण्याचं आणि दिसेल ते तोंडात घालण्याचं. माणूस सगळं खाऊ शकणारा प्राणी आहे, त्यामुळे नवं खाऊन बघणं त्याला गरजेचं आणि नवं खाणं धोक्याचंही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी या पेचावर बरंच काम केलं आहे. निसर्गातली अनेक विषं कडू असतात, म्हणून कडू लागलं की थुंकून टाकणं आपण जन्मतः घेऊन येतो. गोडाची आवडही तशीच जन्मजात. त्यामुळे पेढा आवडायला शिकावं लागत नाही, कारलं आवडायला मात्र शिकावं लागतं.

त्यात सगळ्यांची जीभही सारखी नसते. १९३१ साली ड्युपॉन्ट कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून प्रयोगशाळेत एक पावडर हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती भयंकर कडू लागली आणि फॉक्सना काहीच चव आली नाही. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. कोबी-मोहरीच्या कुळातल्या भाज्यांमधला काही कडवटपणाही याच जनुकामुळे कोणाला जास्त, कोणाला कमी जाणवतो. म्हणजे एकाच कढईतली कोबीची भाजी दोन भावंडांना खरोखर वेगळी लागू शकते. 'दादा बघ कसा खातो' असं म्हणण्याआधी हे आठवायला हरकत नाही.

मग आवड तयार कशी होते?

उत्तर अगदीच साधं आहे: पुन्हा पुन्हा चाखून.

१९८२ मध्ये लीअन बर्च आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दोन वर्षांच्या काही मुलांना अनोळखी चीज आणि फळं चाखायला दिली. काही पदार्थ २० वेळा, काही १५, काही १०, काही अगदी थोड्या वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो मुलांना जास्त आवडू लागला. हा अभ्यास छोटा होता, पण नंतरच्या अनेक अभ्यासांतही हीच दिशा दिसली. साधारण आठ ते पंधरा वेळा चाखल्यावर बहुतेक मुलांचा विरोध मावळतो. आपण घरी किती वेळा प्रयत्न करतो? दोन, फार तर तीन. मग 'त्याला दुधी आवडतच नाही' असा शिक्का बसतो आणि दुधी घरात येणंच बंद होतं.

बर्च यांनी १९८७ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली. पदार्थ नुसता रोज समोर दिसत राहिला तर तो दिसायला आवडू लागतो, पण चव आवडण्यासाठी तो जिभेला लागावाच लागतो. अर्थात एवढासा चालतो, वाटीभर लागत नाही.

इथे आपल्या ताटाची जुनी मांडणी आठवते. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं चिमूट-चमचाभर. पोट भरायची जबाबदारी उजव्या बाजूची, चव घ्यायची डाव्या बाजूची. हे कुणी मानसशास्त्र वाचून ठरवलं असेल असं मी म्हणत नाही, पण नवी चव ओळखीची करून घ्यायला ही जागा उत्तम आहे. उलट गुढीपाडव्याचा कडुलिंब वर्षातून एकदाच येतो, तेही 'गिळून टाक' म्हणत. तो आवडणार कसा?

'ताट संपवल्याशिवाय उठायचं नाही'

हे वाक्य न ऐकलेलं मराठी मूल सापडणं कठीण. दुर्दैवाने ते उलटं काम करतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं गेलं. एका सुपाच्या वेळी 'सूप संपव' असं पुन्हा पुन्हा सांगितलं, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोललं नाही. दबाव नसताना मुलांनी जास्त सूप प्यायलं आणि दबाव असताना त्याबद्दल तक्रारी जास्त केल्या.

'भाजी खाल्लीस तर चॉकलेट' हा सौदाही महागात पडतो. मूल भाजी खातं, पण डोक्यात हिशोब असा बसतो की भाजी म्हणजे काम आणि चॉकलेट म्हणजे पगार.

आईच्या खाण्याचा परिणाम तर जन्माआधीच सुरू होतो. ज्युली मेनेला यांच्या २००१ च्या अभ्यासात काही स्त्रियांनी गरोदरपणात किंवा अंगावर दूध पाजत असताना तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीचं खाणं पहिल्यांदा चाखताना कमी तोंडं वाकडी केली. (यावरून सुनेच्या ताटावर पहारा बसवू नका, प्लीज.)

मोठ्यांचं काय?

मोठ्यांना एक फायदा आहे, भाजी कशी करायची ते आपण ठरवू शकतो. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ लावून पिळण्यामागे नुसतं पाणी काढणं नाही. मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबतं, हे संशोधनातून सिद्ध झालेलं आहे. चिंच-गूळ घालण्यालाही अर्थ आहे. ग्रेपफ्रूट या कडसर फळाचा रस आधी साखर घालून प्यायलेल्यांना पुढे बिनसाखरेचाही जास्त आवडू लागला, असं एका अभ्यासात दिसलं. म्हणजे सुरुवात गुळाच्या आधाराने करून गूळ हळूहळू कमी करता येतो.

दुसरी युक्ती शेजारच्या घरात जाण्याची. जे आवडतं त्याच्या जवळचा पदार्थ निवडायचा. बटाट्याच्या काचऱ्या आवडत असतील तर त्याच पद्धतीने सुरण, मग कच्ची केळी. अनेकांचं भांडण चवीशी नसून बुळबुळीतपणाशी असतं. त्यांनी भरली वांगी सोडून वांग्याच्या कुरकुरीत कापांपासून सुरुवात करावी. आणि भूक लागलेली असताना, एका वेळी एकच नवा पदार्थ, दोन घास. तेवढ्यावर थांबायची मुभा असली की जीभ कमी घाबरते.

'आमच्यात हे खात नाहीत' हे वाक्य मात्र जिभेचं नसतं. सुकटीचा वास घरात वाढलेल्याला भूक लावतो आणि शेजारच्याला नाक दाबायला लावतो. किळस बऱ्याच अंशी शिकवलेली असते आणि आपल्याकडे ती जातीच्या, सोसायटीच्या आणि भाड्याच्या घराच्या अटींमध्ये मिसळलेली आहे. कुणी काय खायचं हा ज्याचा त्याचा निर्णय. पण दुसऱ्याच्या डब्याकडे बघून 'ईऽऽ' म्हणणं याला चोखंदळपणा म्हणू नये. तसंही उपवासाच्या खिचडीत मिरची, बटाटा आणि शेंगदाणे असतात आणि आपल्याकडचा साबुदाणा बहुतेक करून टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय खलाशांनी जगभर नेलेली. कधीतरी आपल्याच कोणा पूर्वजाने त्यांच्याकडेही संशयाने पाहिलं असणार.

हे सगळ्यांना लागू आहे का?

नाही. एखादा पदार्थ खाऊन उलट्या झाल्या तर पुढे कित्येक वर्षं तो नकोसा वाटू शकतो. ती शरीराची स्वतःला वाचवण्याची पद्धत आहे. काही मुलं आणि मोठी माणसंही मोजकेच चार-पाच पदार्थ खातात, वजन घटतं, पोषण कमी पडतं, चारचौघांत जेवणं अशक्य होतं. याला 'एआरएफआयडी' म्हणतात आणि २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याचा समावेश आहे. ऑटिझम असलेल्या मुलांमध्येही पोत आणि वास यांचा त्रास खूप जास्त असू शकतो. अशा वेळी 'अजून दोन घास' हा उपाय नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. खाल्ल्यावर ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं असं होत असेल तर तो पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा चाखूच नका.

माझं म्हणाल तर कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्या आता मी मागून घेते. दोडका चटणीपुरता जमलाय. शेपू अजून बाकी आहे. मागच्या आठवड्यात मूगडाळ घातलेली शेपूची भाजी पाचव्यांदा खाल्ली, दोन घास.