बाहूच्या तंतुजालाचा शोध



हात हे मनुष्याचे पहिले अवजार होय, असे आपण नेहमी म्हणतो. विळा, लेखणी, तबला आणि सुई ही सारी त्यानंतरची. परंतु हात चालतो तो केवळ हातातल्या बळावर नव्हे. कळसूत्री बाहुलीचा हात हलतो, पण त्याची दोरी दुसऱ्याच ठिकाणी असते. तसेच येथे आहे. आपल्या हाताची दोरी मानेत आहे. ही साधी वाटणारी गोष्ट माणसाला कशी कळत गेली आणि ती कळण्यासाठी कोणाकोणाला दुःख भोगावे लागले, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम त्या दोरीची रचना थोडक्यात पाहू. मानेत मणके सात. पण तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. त्यांतील खालचे चार तंतू आणि छातीच्या पहिल्या मणक्याखालचा एक, अशी पाच मुळे मानेच्या बाजूने, दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात. वेणीचे पेड जुळावेत तशी ती जुळून त्यांचे तीन सोट होतात. प्रत्येक सोट पुन्हा दुभंगतो, ते फाटे नव्या रीतीने एकत्र येऊन तीन रज्जू बनतात, आणि गळपट्टीच्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून काखेत उतरल्यावर त्यांतून हाताचे पाच मुख्य मज्जातंतू निघतात. वैद्यकात या साऱ्या वेणीला ब्रॅकिअल प्लेक्सस म्हणतात; आम्ही तिला बाहूचे तंतुजाल म्हणू.

या वेणीमुळेच सारा घोटाळा होतो, आणि घोटाळ्याची उकलही तिच्यातच आहे. हातातील एकेका मज्जातंतूत अनेक मुळांचे धागे आलेले असतात. म्हणून कोपरापाशी मज्जातंतू दुखावला तर बधिरतेचा नकाशा एक पडतो आणि मानेपाशी मूळ दुखावले तर दुसरा पडतो. हे दोन नकाशे वेगळे ओळखणे हेच या शास्त्राचे मर्म होय.

मर्म हा शब्द आला म्हणून आपल्याकडील एका जुन्या निरीक्षणाचा उल्लेख केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 107 मर्मे सांगितली आहेत. त्यांत छाती आणि काख यांच्या मधल्या जागेस कक्षधर असे नाव असून तेथे घाव बसल्यास पक्षाघात होतो असे म्हटले आहे. निरीक्षण मार्मिक आहे. शस्त्राचा घाव कोठे बसला की हात लुळा पडतो, हे त्या शल्यवैद्यांनी पाहिले होते. तथापि काखेतील ती जागा आणि मान यांना जोडणाऱ्या धाग्यांचा माग तेथे काढलेला नाही. आपल्या ग्रंथांचा अभिमान धरावा, पण त्यांत नसलेले त्यांत वाचू नये.

तो माग काढल्याची फार जुनी हकीगत ग्रीक वैद्य गॅलेन याने लिहून ठेवली आहे. गॅलेनचा जन्म इसवी सन 129 मधला, आशिया मायनरमधील पर्गामम नगरीतला. तेथे काही काळ तो मल्लयोद्ध्यांचा वैद्य होता. पुढे रोमला गेला. पॉसेनिअस नावाचा सीरियातील एक विद्वान वक्ता त्याच्याकडे आला. त्याची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. बोटे हलत होती, पण स्पर्श कळत नव्हता. आधीचे वैद्य बोटांनाच लेप लावीत बसले होते. गॅलेनने वेगळाच प्रश्न विचारला: पूर्वी काही अपघात झाला होता काय? तेव्हा उलगडा झाला की रथातून पडून त्याच्या पाठीचा मानेलगतचा भाग दगडावर आपटला होता. गॅलेनने बोटांवरचे लेप काढवले, मानेच्या तळाशी उपचार केला आणि रोगी बरा झाला.

आजचे ज्ञान हाताशी धरून पाहिले तर या हकिगतीतील अर्धे मधले बोट फार बोलके ठरते. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारा मज्जातंतू दुखावला तर बहुधा करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. बधिरता त्यापलीकडे, मधल्या बोटापर्यंत गेली की शोध वर, मुळाकडे न्यावा लागतो. गॅलेनला आजचे क्रमांक ठाऊक नव्हते. पण जनावरांचा पाठीचा कणा निरनिराळ्या उंचीवर छेदून कोणती हालचाल बंद पडते हे त्याने स्वतः पाहिले होते. वानरांचे आणि डुकरांचे विच्छेदन करणारा तो वैद्य होता; मनुष्याचे शवविच्छेदन त्या काळी होत नसे. ही त्याची मर्यादा पुढे शतकानुशतके शास्त्राचीही मर्यादा होऊन बसली, कारण लोक शरीर सोडून गॅलेनचा ग्रंथच वाचू लागले. 1543 मध्ये पादुआचा तरुण प्राध्यापक व्हेसेलियस याने मनुष्यशरीरावरील आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या चौथ्या भागात मज्जातंतूंच्या आकृत्या दिल्या, आणि डोळ्यांनी पाहिलेले शरीर पुन्हा ग्रंथाच्या वर बसले.

यापुढे प्रश्न उरला तो कार्याचा. एकच मज्जातंतू स्पर्शही आणतो आणि हालचालही करवतो, तर पॉसेनिअसचा स्पर्श तेवढा कसा गेला? लंडनमध्ये चार्ल्स बेल याने 1811 मध्ये आणि पॅरिसमध्ये माजांदी याने 1822 मध्ये मुळांवर प्रयोग केले. त्यांतून निष्पन्न झाले की मणक्यातून निघताना प्रत्येक तंतूची दोन मुळे असतात: पुढचे हालचालीचे, मागचे संवेदनेचे. पुढे ती एकत्र येतात, आणि आणखी पुढे कातडीची शाखा व स्नायूची शाखा पुन्हा वेगळी होते.

यानंतर या जालाचा नकाशा ज्यांनी भरला त्यांत तान्ह्या मुलांचा वाटा मोठा आहे. अवघड बाळंतपणात बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदा अडतो. मान एका बाजूला ताणली जाते आणि मुळे ओढली जातात. अशा बाळाच्या लुळ्या हातांची नोंद इंग्लंडातील प्रसूतितज्ज्ञ स्मेली याच्या 1764 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणांत आहे. पॅरिसचा ड्यूशेन विजेची पेटी घेऊन रुग्णालयांतून हिंडे आणि एकेक स्नायू उत्तेजित करून पाही. त्याने 1872 मध्ये चार बाळांची हकीगत दिली. चौघांतही तेच ते स्नायू निकामी झाले होते. दोन वर्षांनी, 1874 मध्ये, हायडेलबर्गच्या एर्ब याने तोच प्रकार प्रौढांत पाहिला. खांदा उचलणारे आणि कोपर वाकवणारे स्नायू एकदमच का जावेत? एर्बने गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या बाजूला विजेचे टोक टेकवले, तेव्हा एका विशिष्ट बिंदूवर ते सारे स्नायू एकदम आकुंचन पावले. पाचवे आणि सहावे मूळ जेथे एकत्र येते ती ही जागा. रोग्याला न कापता जालातील गाठीवर बोट ठेवता आले.

वरची गाठ सापडली; खालची राहिली होती. ती सापडवली ऑगस्टा क्लुम्पके या विद्यार्थिनीने. तिचा जन्म 1859 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि वैद्यकाचे शिक्षण पॅरिसमध्ये. त्या काळी तेथील रुग्णालयांच्या निवासी वैद्यपदाची स्पर्धापरीक्षा स्त्रियांना बंद होती. ती 1885 मध्ये, पुष्कळ विरोधानंतर, खुली झाली. त्याच 1885 मध्ये क्लुम्पकेचा निबंध प्रसिद्ध झाला. जालाची खालची मुळे तुटली तर खांदा शाबूत राहतो, पण पंजाचे बारीक स्नायू जातात, हे तिने दाखवले. आणखी एक विलक्षण खूण तिने उलगडली. अशा काही रोग्यांची त्याच बाजूची पापणी किंचित उतरते आणि डोळ्याची बाहुली बारीक होते. हाताच्या दुखण्याचा डोळ्याशी काय संबंध? कुत्र्यांवर प्रयोग करून तिने सिद्ध केले की डोळ्याकडे जाणारे काही सूक्ष्म धागे पाठीच्या पहिल्या मुळातूनच निघतात. म्हणून लुळ्या पंजाच्या रोग्याचे डोळे पाहावेत. त्याच काळात आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या आणि 1886 मध्ये त्यांनी पदवी मिळवली, हे या सभागृहात सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

त्याच फिलाडेल्फिया शहरात दोन दशके आधी, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, वायर मिचेल आणि त्याचे दोन सहकारी मज्जातंतूंना गोळी लागलेल्या शिपायांवर उपचार करीत होते. त्यांचा ग्रंथ 1864 मध्ये निघाला. जखम भरून आल्यावरही काहींचा हात विस्तवात धरल्यासारखा जळत राही. ते शिपाई हात अहोरात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. बाहेर जखम दिसत नाही म्हणून दुःख खोटे, असा निवाडा देण्याची सोय मिचेलने ठेवली नाही.

आता आपण या इतिहासाच्या सर्वांत कठीण भागाकडे येतो. नकाशा पूर्ण झाला, पण तुटलेले जोडता येते काय? वॉलर याने 1850 मध्ये दाखवून दिले होते की मज्जातंतू तुटला की तुटीच्या पलीकडचा भाग झडून जातो. नवी वाढ व्हायची ती अलीकडच्या टोकाकडूनच. या वाढीचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर आहे. येथे साधे गणित मांडून पाहावे. मानेपासून पंजापर्यंत सत्तर सेंटिमीटर अंतर धरले तर सातशे दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे लागतात. पण ज्या स्नायूची दोरी तुटली तो इतकी वाट पाहत नाही. साधारण वर्ष-दीड वर्षात तो झिजून असा होतो की धागा येऊन पोचला तरी त्याला प्रतिसाद देता येत नाही. म्हणजे शस्त्रवैद्याची खरी शर्यत काळाशी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी काही धाडसी प्रयत्न झाले. ग्लासगोच्या केनेडीने 1903 मध्ये बाळांच्या जालाची शिवण प्रसिद्ध केली. पण फळ थोडे मिळाले आणि शतकाच्या मध्यापर्यंत निराशा पसरली. पूर्ण लुळा हात कापून टाकावा आणि खांदा सांधून टाकावा, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. 1960 नंतर शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक हाती आला, व्हिएन्नाच्या मिलेसीने पायातील संवेदनेचा मज्जातंतू काढून त्याच्या तुकड्यांनी तुटलेली जागा ताण न देता सांधण्याची पद्धत रूढ केली, आणि चित्र पालटू लागले. 1994 मध्ये फ्रान्सच्या ओबर्लिन याने आणखी एक युक्ती प्रसिद्ध केली. पंजाकडे जाणाऱ्या शाबूत मज्जातंतूतला एखादा धागा सोडवून घेऊन तो दंडातच, कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या अगदी जवळ, त्याच्या शाखेला जोडावयाचा. शेजारच्या शेताच्या पाटातून आपल्या वाफ्याला पाणी वळवावे तसा हा प्रकार आहे. लांबचा प्रवासच टळला, आणि वर मांडलेले गणित रोग्याच्या बाजूने फिरले. घासाचा हात तोंडापर्यंत नेणे, एवढी एक हालचाल परत आली तरी त्या माणसाचे जगणे बदलते.

श्रोतेहो, हा इतिहास परदेशात घडला, पण त्याचे प्रयोजन आपल्या रस्त्यावर आहे. आज आपल्या देशात या जालाला इजा होण्याचे मोठे कारण दुचाकीचा अपघात हे आहे. गडी वाहनावरून फेकला जातो, खांदा खाली दाबला जातो, मान दुसरीकडे ओढली जाते, आणि मुळे ताणून तुटतात. बहुतेक जण ऐन कमावत्या वयाचे तरुण असतात. हाड मोडलेले असते ते जुळते, घरचे निःश्वास टाकतात, आणि हात झोळीत घालून वाट पाहिली जाते. कोणी चोळून घेते, कोणी शेक देते. पॉसेनिअसच्या बोटांना लेप लावणाऱ्या वैद्यांहून हे फारसे निराळे नाही. काही इजा आपोआप बऱ्या होतात हे खरे. पण कोणती होईल आणि कोणती होणार नाही, हे जाणकाराने पहिल्या काही आठवड्यांत तपासावे लागते आणि शस्त्रक्रिया करावयाची तर ती पहिल्या सहा महिन्यांत व्हावी लागते.

गॅलेनने विचारले होते की काय झाले होते. पुढच्या अठराशे वर्षांत त्या प्रश्नाला दुसऱ्या एका प्रश्नाची जोड मिळाली: केव्हा झाले? हा दुसरा प्रश्न विचारण्यास वैद्यच असावे लागत नाही. तो आपल्या घरात, आपल्या आळीत, लुळा हात घेऊन बसलेल्या तरुणाला आपल्यापैकी कोणीही विचारू शकतो, आणि उत्तर ऐकून त्याला त्याच दिवशी योग्य ठिकाणी नेऊ शकतो.