कॉल्किन्स, मेरी व्हिटन

कॉल्किन्स, मेरी व्हिटन : (३० मार्च १८६३–२६ फेब्रुवारी १९३०). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ. जन्म हार्टफर्ड येथे. १८८७ साली त्या मॅसॅचूसेट्समधील वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात ग्रीकच्या अध्यापिका म्हणून रुजू झाल्या. पुढे मानसशास्त्राची कामगिरी त्यांच्याकडे सोपविली गेली आणि १८९१ मध्ये, अवघ्या दोनशे डॉलरांच्या तरतुदीत, त्यांनी तेथे प्रयोगशाळा उभारली, जिच्यात पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थिनी कोकरांच्या मेंदूंचे विच्छेदन स्वहस्ते करीत. या विद्यार्थिनींची लहानमोठी संशोधने कॉल्किन्स यांच्या देखरेखीखाली नियतकालिकांतून छापली जात, ही त्या काळी सामान्य बाब नव्हती. स्वप्नांच्या अभ्यासासाठी रात्री गजर लावून जागे होऊन त्यांनी स्वतःची २०५ स्वप्ने टिपली.

त्यांचे खरे चिरस्थायी कार्य स्मृतीविषयीचे. रंग दाखवून लगेच अंक दाखवावा, अशा जोड्यांची माला संपली की नुसता रंग समोर ठेवून अंक विचारावा, या साध्या तजविजीने त्यांनी दाखवून दिले की, साहचर्य दृढ होण्यास ठसठशीतपणा किंवा अलीकडेपणा यांपेक्षा पुनरावृत्तीच अधिक कारणीभूत होते.

हार्व्हर्ड विद्यापीठात त्या केवळ ‘पाहुण्या’ म्हणून शिकल्या. १८९५ च्या पीएच्.डी. परीक्षेत परीक्षकांनी मुक्तकंठाने वाखाणूनही, स्त्री म्हणून विद्यापीठाने ती पदवी नाकारली. त्याऐवजी १९०२ मध्ये देऊ केलेली रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी त्यांनी बाणेदारपणे नाकारली. १९०५ मध्ये त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. हार्व्हर्डची पदवी त्यांना मरणोत्तरही मिळालेली नाही.