न्युम्बानीच्या मुलांसाठी : काय न्यावे, काय नेऊ नये

'न्युम्बानी' हा स्वाहिली शब्द. त्याचा अर्थ 'घरी'. केनियाची राजधानी नैरोबी येथे या नावाचे बालगृह १९९२ साली येशूसंघाचे अमेरिकन धर्मगुरू फा. अँजेलो डी'अगोस्तिनो आणि लोरेटो संघाच्या सि. मेरी ओवेन्स यांनी सुरू केले. एचआयव्हीची बाधा झालेली, अनाथ किंवा टाकून दिलेली बालके येथे घेतली जात. फा. डी'अगोस्तिनो मूळचे शल्यचिकित्सक, पुढे मानसोपचारतज्ज्ञ. बालगृह उभे राहिले तेव्हा त्यांची पासष्टी उलटली होती.

सुरुवातीच्या वर्षांत या घरातील मुलांना शांतपणे मरू देणे एवढेच पुष्कळदा हाती असे. पुढे प्रभावी औषधे निघाली. पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार सेवाभावी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पेटंटचा अडथळा असतानाही न्युम्बानीने त्याच वर्षी भारतीय औषधे आणण्याचा निर्धार जाहीर केला, आणि स्वस्त औषधांच्या आयातीची वाट मोकळी करणारा कायदा केनियाच्या संसदेने जूनमध्ये संमत केला. परदेशी मुलांना 'साहित्य पोहोचवणे' म्हणजे काय, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. जानेवारी २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचा बालकांविषयीचा प्रायश्चित्तकाळाचा संदेश व्हॅटिकनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रसंगीही फा. डी'अगोस्तिनो यांनी औषधकंपन्यांवर कठोर शब्दांत टीका केली. सरकारी शाळा या मुलांना प्रवेश देत नव्हत्या. न्युम्बानी न्यायालयात गेली, तेव्हा दारे उघडली.

आता स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांविषयी. बालगृहाला आधी पत्र लिहून गरजांची यादी मागवावी. ती हाती येईपर्यंत पेटी भरू नये. औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे नियम १९९६ पासून आहेत : दान दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावी, वेष्टनावरील मजकूर तेथील डॉक्टरांना वाचता यावा, आणि रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या किंवा डॉक्टरांकडील नमुने पाठवू नयेत. एचआयव्हीच्या औषधांची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते व उपचारात खंड चालत नाही. म्हणून कोणी एकदाच आणलेल्या चार बाटल्यांचा उपयोग होत नाही.

जुने कपडे नेण्याचे तर कारणच नाही. वापरलेल्या कपड्यांचा 'मिटुंबा' नावाचा मोठा बाजार केनियात आहे आणि तेथे ते स्वस्त मिळतात. वह्या, साबण, चादरी नैरोबीतच विकत घेतल्या तर विमानाचे भाडे वाचते आणि तेथील दुकानदाराच्या घरीही चूल पेटते. (पैसे पाठवण्यात पेटी भरण्याचे समाधान नसते, हे आम्ही जाणतो.) काही न्यायचेच असेल तर कापडी पिशवीत न्यावे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून कडक बंदी आहे.

न्युम्बानीचे काम एका आवारापुरते नाही. 'लेआ तोतो' या उपक्रमातून नैरोबीच्या झोपडपट्ट्यांतील बाधित मुलांची सेवा त्यांच्या स्वतःच्या घरीच होते. किटुईच्या कोरड्या प्रदेशात हजार एकरांवर वसलेल्या न्युम्बानी ग्रामात अनाथ नातवंडे आणि मुले गमावलेले आजीआजोबा एकत्र राहतात. हे ग्राम २००६ साली आकाराला आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फा. डी'अगोस्तिनो प्रभुघरी गेले. केनिया सरकारचे २०२२ ते २०३२ या काळासाठीचे धोरणही मुलांना संस्थांऐवजी कुटुंबांत वाढवण्याचेच आहे. त्यामुळे आठवडाभर मुलांना खेळवून परतणाऱ्या पाहुण्यापेक्षा काही महिने टिकून काम करणारी परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ किंवा शिक्षक तेथे अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

छायाचित्रांविषयी मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. या घरातील मुलाचे छायाचित्र नावासह प्रसिद्ध करणे म्हणजे त्याचा आजार जगजाहीर करणे. ते मूल उद्या नोकरी मागेल, लग्न करील. परतल्यावर पॅरिशच्या सभेत दाखवायला इमारतीचे, बागेचे, फार तर स्वयंपाकघराचे चित्र पुरे.