देऊळ फिरल्याची आख्यायिका (औंढा नागनाथ)

देऊळ फिरल्याची आख्यायिका ही हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंग मंदिराशी आणि संत नामदेव (इ.स. १२७० – १३५०) यांच्याशी निगडित कथा आहे. ती चमत्कारकथा म्हणून प्रसिद्ध असली, तरी रोजच्या व्यवहारातील जातीय अवहेलनेची ती एक जुनी नोंदही आहे.

== कथा ==
नामदेव मंदिरासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठवले. ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले, तेव्हा देऊळच त्यांच्या दिशेने फिरले, असे सांगतात. येथील नंदी मंदिराच्या मागील बाजूस आहे. त्याचे कारणही लोकपरंपरेत हेच दिले जाते. जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे नामदेवांचे गाव याच जिल्ह्यात आहे.

== नामदेवांची पदे ==
गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी भैरव आणि मल्हार रागांतील दोन पदांत हा प्रसंग येतो. त्यांत देवळाचे नाव नाही. औंढ्याशी सांगड परंपरेने घातली आहे. भैरव रागातील पदात, आपल्याला या जातीत जन्माला का घातले, असा प्रश्न नामदेव देवाला विचारतात. मल्हारातील पद अधिक रोखठोक आहे. शूद्र म्हणून हिणवून, मारून उठवल्याचे त्यात स्पष्ट सांगितले आहे. मेल्यानंतर मुक्ती दिलीस तर ती कोणाला कळणार, आणि हे मला हीन म्हणतात त्यात तुझीच प्रतिष्ठा जाते, असे ते विठ्ठलाला सुनावतात. कीर्तनांत देऊळ फिरल्याचे वर्णन रंगते. ही तक्रार मात्र बहुधा गळते. वस्तुतः पदाचा जीव तिच्यातच आहे.

== दैनंदिन भेदभावाची संकल्पना ==
‘दैनंदिन वंशवाद’ ही संकल्पना फिलोमिना एसेड यांनी १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये मांडली. दंगली किंवा कायदे यांपेक्षा बोलणे, टाळणे, बाजूला बसवणे अशा वारंवार घडणाऱ्या, करणाऱ्याला क्षुल्लक वाटणाऱ्या कृतींकडे तिने लक्ष वेधले. कीर्तनकाराला ‘मागे जा’ म्हणणे ही याच जातीची कृती होय.

जात आणि वंश एक नव्हेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच जातिव्यवस्थेची वांशिक उपपत्ती नाकारली होती. अनुभवातील साम्य मात्र महाराष्ट्राने लवकर ओळखले: महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. २००२ मध्ये वंशभेद निर्मूलनविषयक संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जातीवर आधारित भेदभावही वंशपरंपरेवरील भेदभावात मोडतो, असे स्पष्ट केले.

== कायदा आणि व्यवहार ==
पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. त्याच वर्षीचा मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेश कायदा तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या औंढ्याला लागू नव्हता. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता देशभर नष्ट केली. १९५५ व १९८९ च्या कायद्यांनी शिक्षा ठरवल्या. परंतु आडनाव विचारून जात ताडणे, घर भाड्याने देताना टाळाटाळ करणे, वेगळा कप ठेवणे यांतील बरेचसे साक्षीदाराशिवाय घडते आणि पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचत नाही. पत्त्यातच जात सांगणारी वस्त्यांची नावेही दीर्घकाळ कोणाला खटकली नाहीत. ती बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला.